डावी पाकळी

डोंगरापलीकडच्या एका राज्यात आवडी नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिला आई नव्हती. बाबा नदीवर होडी चालवायचे आणि आवडी देवळाच्या बागेत देवीसाठी फुलं वेचायची. पण त्या सकाळी बाबांना शिपायांनी पकडून नेलं होतं.

बाबांचा गुन्हा एवढाच, की ते म्हणाले होते, "देवीसाठी म्हणून आमचं धान्य नेतात, मग पोट राजाचं कसं वाढतं?"

त्या राज्यात देवीला कौल लावायची रीत होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. राजाचे आजोबा म्हणायचे, मी सूर्याचा मुलगा. वडील म्हणायचे, मी देवीचा भाऊ. हा राजा चंडसेन तर म्हणायचा, मीच देवीचा अवतार! आणि दर वेळी उजवीच पाकळी पडायची. मग बोलायची कुणाची छाती? आज राजा विचारणार होता, आवडीच्या बाबांना कड्यावरून ढकलायचं का?

तेवढ्यात सोनचाफ्याखाली बारीकसं रडणं ऐकू आलं. पानांआड लपवलेल्या वाटीत फणसाचा चीक होता, आणि त्यात एक इवलीशी परी अडकली होती. तिचे निळे-गुलाबी पंख चिकटून गेले होते.

"ही राजाची वाटी," परी कुजबुजली. "डाव्या पाकळीला तो हाच चीक लावतो."

आवडीने मागे वळून पाहिलं. कुणी पाहिलं तर? तरी ती पळाली नाही. बाबांसाठी दिवा लावायला तिने करवंटीत खोबरेल आणलं होतं. घरात तेवढंच होतं. ते सगळं तिने हळूहळू पंखांना चोळलं. चीक सुटला आणि पंख चमचमले.

"एक इच्छा माग, सोनुले. पण ती राजासमोर, मोठ्याने मागायची."

"डावी पाकळी पडू दे."

"ते नाही गं चालायचं. देवीच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. राजा तेच करतो."

देवळात सगळे माना खाली घालून उभे होते. बाबांचे हात बांधलेले होते. राजाने पाकळ्या लावल्या, प्रश्न विचारला. उजवी पाकळी हळूच सरकली. आवडी गर्दीतून पुढे झाली. बाबांनी मान हलवली, बोलू नकोस.

"देवीच्या खांद्यावरचा चीक सुटू दे!" आवडी ओरडली.

दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. काळ्या दगडावरून पांढरा चीक ओघळला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"पकडा तिला," राजा म्हणाला. कुणीच हललं नाही.

देवळाचे म्हातारे गुरव कापऱ्या आवाजात म्हणाले, "देवीचा 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. देवी गप्प आहे. आता आपणच बोलायला हवं."

एक बाई पुढे झाली. तिने बाबांचे दोर सोडले. मग दुसरी आली, मग सगळेच आले. राजा चिकट बोटं झग्याला पुसत मागच्या दाराने निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

बाबांनी आवडीला उचलून घेतलं. तेव्हा तिने देवीपुढे ठेवलेली रिकामी करवंटी आपोआप तेवू लागली. त्या सोनेरी उजेडात परी हसली, आणि उजेडातच विरून गेली.

त्या राज्यात कौल अजूनही लागतो. पण पाकळी लावण्याआधी, लावणाऱ्याला आपली बोटं लहान मुलांना दाखवावी लागतात.