सगुणा कासारणीचं जत्रेतलं गाणं

एका राज्यात गाण्यांना कैद होती. हसू नका, खरंच होती! भृंगदत्त नावाच्या मांत्रिकाने राजाच्या कानी लागून फर्मान काढवलं, की जुनी गाणी सारी थिल्लर, ती तळघरातल्या मडक्यांत कोंडावीत. आणि प्रजेच्या डोक्यात त्याने सोडली आपली एकच ओळ: "राजा आमुचा थोर थोर, आणिक..." पुढे काही नाही. ओळ संपायचीच नाही. जेवताना तीच, झोपेत तीच. माणसं पार कावली.

त्या राज्यात सगुणा नावाची कासारीण बांगड्या भरी. कासारणीची रीत अशी, की बाईचा हात हाती घ्यावा आणि गाणं म्हणावं. मन गाण्यात गुंतलं की हात सैलावतो, ओळ संपता संपता बांगडी मनगटात जाते. आता ओळच संपेना, तर बांगड्या कडाकड वाढू लागल्या. फुटल्या म्हणू नये.

पण सगुणाचं दुखणं निराळंच होतं. तिचा नवरा गोंदाजी देवाघरी गेलेला. जत्रेत पाळण्याखाली उभा राहून तो एक गाणं म्हणायचा, तेवढंच त्याचं तिच्यापाशी उरलं होतं. एके सकाळी ती ते आठवायला गेली, तर एक शब्द आठवेना! तोंडात आली ती मेली थोर थोर.

"मुडद्या, माझ्या डोक्यात तुझं काय काम?" म्हणत ती तडक राजवाड्याकडे निघाली.

वेशीवर एक साळुंकी होती. ती माणसासारखी बोले. म्हणाली, "बाई, मडकी फोडू जाशील तर फुटायची नाहीत. ज्याने ओळ सोडली, त्याच्याच तोंडून ती पुरी होईल, तेव्हा शाप सरेल."

दरबारात भृंगदत्त खदखदा हसला. "जत्रेतलं टुकार गाणं ते! त्यासाठी रडतेस?"

"टुकार तर टुकार. माझं आहे. द्या."

राजा म्हणाला, "आम्ही पुढे करू ते तीन हात बांगड्यांनी भर, गाणं घेऊन जा. एक जरी बांगडी वाढली, तर जन्माची मुकी होशील."

पहिला हात कधी न हसणाऱ्या दगडी राणीचा, मूठ आवळलेली. सगुणाने तिला पाणवठ्यावरच्या भानगडी सांगितल्या. राणीला हसू फुटलं, मूठ सुटली, बांगड्या गेल्या.

दुसरा हात नदीचा. सगुणा म्हणाली, "सदा दुसऱ्यांसाठी पळतेस बयो, टेक की घटकाभर!" नदीला आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं. ती थांबली, तिने हात पुढे केला आणि बांगड्या भरून घेतल्या.

तिसरा हात भृंगदत्ताने स्वतःचाच दिला, आणि मंत्राने भोपळ्याएवढा फुगवला. इथेच चुकला! कासारणीच्या हाती दिलेला हात भरल्याशिवाय सोडवता येत नाही, एवढं पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

सगुणाने अंगठ्याचं हाड चाचपलं आणि त्याचीच ओळ म्हणू लागली. "राजा आमुचा थोर थोर, आणिक... आणिक काय हो?" एकदा, दहादा, शंभरदा. दर वेळी हाड जरा जास्त दाबी. मांत्रिकाला घाम फुटला. त्याच्याही डोक्यात ओळ भिणभिणू लागली, तोही तिच्यासंगे म्हणू लागला.

"राजा आमुचा थोर थोर, आणिक..."

सगुणाने कचकन दाबलं.

"आई गं, मेलो!"

ओळ पुरी झाली. बांगडी चढली. तळघरात मडकी फटाफट फुटली आणि गावोगाव लोकांना आपापली गाणी आठवली. भृंगदत्त बांगड्या भरल्या हातानेच सीमेपार पळाला.

राजा खजील होऊन म्हणाला, "बरं तर, यातली चांगली तेवढी निवडून ठेवू."

"निवडणारे तुम्ही कोण, महाराज? ज्याच्या डोक्यात गाणं, तो बघेल."

राजाने फर्मान फाडलं.

सगुणा तिथेच, भर दरबारात, गाऊ लागली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला शब्दांऐवजी नुसतंच ला-ला, आणि सूर तर कुठल्या कुठे.

राजगवई कळवळला. "अगं बाई, निदान सुरात तरी म्हण!"

"तो असाच म्हणायचा," सगुणा म्हणाली, आणि आणखी मोठ्याने गाऊ लागली.