आवडीचा ताप आणि लंगडा शनी

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही, बरं का. त्याच्या राज्यात खाडीकाठी दोघं भावंडं राहायची, गोष्ट त्यांची. भाऊ रवळू. माडावर सरसर चढायचा आणि नारळ पाडायचा. धाकटी बहीण आवडी. ती दिवसभर त्याच्यावर हुकूम सोडायची. आई-बाप नव्हते. दोघंच.

त्या राज्यात एक रीत होती. कुणी आजारी पडलं की त्याला बघायचं नाही, त्याची जन्मपत्रिका बघायची. माणूस घरात पडून राहायचं आणि पत्रिका लाल फडक्यात गुंडाळून जोशीबुवांकडे जायची. जोशीबुवा सांगायचे, मंगळ डोक्यात गेलाय, चंद्र छातीत बसलाय. मग तशी चिठ्ठी लिहायचे. वैद्यबुवा ती चिठ्ठी वाचून पुडी बांधायचे. बारा वर्षांत त्यांनी एकाही माणसाची नाडी धरली नव्हती. आणि आजारी माणसानं तोंड उघडायचं नाही. बोललं की ग्रह चिडतात म्हणे.

एकदा काय झालं, आवडीला ताप आला. अंग नुसतं तव्यासारखं. रवळू पत्रिका घेऊन धावला.

जोशीबुवांनी बोटं मोजली. "अरेरे. शनी पोटात बसलाय."

"मग उठवा त्याला."

"शनीला उठवतोस? अडीच वर्षांनी तो आपणहून उठेल. तोवर औषध लागू पडायचं नाही."

"अडीच वर्षं? बुवा, ती अडीच दिवस काढेल का ते सांगा!"

"आवाज खाली. ग्रहांपुढं कुणाचं चालत नाही."

रवळू घरी आला. आवडी पुटपुटत होती. "दादा, ऐक ना..." तर रवळूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप, बाय. ग्रह चिडतील." हो, दुसऱ्या कुणी नाही. त्यानंच.

तिसऱ्या दिवशी आवडी त्याला ओळखेना. मग रवळूचं डोकंच फिरलं. "ग्रह चिडतात काय? मग मीपण चिडतो!" त्यानं कमरेला कोयता खोचला आणि गावातल्या सगळ्यात उंच माडावर चढला. चढला, चढला. झावळ्या संपल्या तरी चढला. ढग खाली राहिले. आणि पोचला की आभाळात!

आधी भेटला मंगळ. लालबुंद. मेंढ्याला चारा घालत होता.

"माझ्या बहिणीच्या अंगातनं निघ!" रवळू ओरडला.

"कोण बहीण? मी या मेंढ्याला सोडून कुठं जात नाही. सगळ्यांना ढुशा मारतो हा."

मग भेटला चंद्र. कोरेएवढाच उरला होता बिचारा. म्हणाला, "अरे, मीच रोज झिजतोय. मी कुणाला काय करणार?"

मग आला शनी. काळा, म्हातारा, काठी टेकत, खांद्यावर कावळा. त्याला बघून सगळे वाट सोडतात. रवळू आडवा उभा राहिला. कोयता उगारून.

"ऊठ तिच्या पोटातनं!"

शनी हसायलाच लागला. "पोरा, माझा पाय बघ. मी लंगडा. या घरातनं शेजारच्या घरात जायला मला अडीच वर्षं लागतात. तुझ्या गावाला मी कधी पोचायचो?"

"मग तिला झालंय काय?"

"मला काय ठाऊक? इथनं तुमचं गाव मोहरीएवढं दिसतं. जो तिच्या उशाशी बसतो त्याला विचार."

"उशाशी मीच बसतो."

"मग इथं काय करतोयस?"

रवळू घसरतच खाली आला. हातांची सालटी निघाली.

काय म्हणालात? तोवर ती मेली असेल? कुणी विचारलं ते? नाही मेली. या गोष्टीत ती मरत नाही. मी सांगतोय ना.

मग रवळू तिच्या कानाशी वाकला. "आवडे, कुठं दुखतंय?"

तिनं एक डोळा उघडला. "पाय. खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या काढताना टोचलं काहीतरी. कधीची सांगतेय. माठ आहेस अगदी."

रवळूनं गोधडी बाजूला केली. पाय सुजून फणसासारखा झालेला, आणि टाचेत शिंगाळा माशाचा काटा! इतके दिवस गोधडीखाली होता. कुणी गोधडी उचलून बघितलीच नव्हती.

त्यानं वैद्यबुवांना हाताला धरून ओढत आणलं.

"चिठ्ठी कुठाय?" वैद्यबुवा म्हणाले.

"चिठ्ठी नाही. पाय आहे. बघा!"

वैद्यबुवा बारा वर्षांनी कुणाच्या अंगाला हात लावत होते. पण हातांना सगळं आठवत होतं. काटा निघाला, पू निघाला. गरम पाण्यानं शेकलं, लेप लावला. मग एका दिवसात ताप उतरला. दुसऱ्या दिवशी आवडी उठून बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पेजेत मीठ कोण घालणार, शेजारीण?"

ही बातमी राजवाड्यात पोचली. राजानं सगळ्यांना बोलावलं. जोशीबुवा छाती काढून म्हणाले, "महाराज, शनी हलला, म्हणून पोरगी वाचली."

"हलला नाही," रवळू म्हणाला. "तो तिथंच आहे. मी बघून आलोय. पाहिजे तर माड दाखवतो, चढा."

जोशीबुवा दोन पावलं मागं सरले. राजा मात्र हळूच वैद्यबुवांकडं सरकला आणि गाल धरून म्हणाला, "माझी ना, डाव्या बाजूची दाढ दुखते. अकरा वर्षं झाली. कुणी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून त्या राज्यात कुणी आजारी पडलं की आधी त्यालाच विचारतात, आणि ते सांगतं ते ऐकतात. आवडी मोठी झाली, म्हातारी झाली. सगळे दात पडले तरी भावावर हुकूम सोडत राहिली. सगळे सुखात राहिले.

चला, पडा आता. पण आधी सांगा, कुणाला कुठं दुखतंय का? अगदी थोडंसंसुद्धा? लाजायचं नाही, मला उठवायचं.

नक्की नाही ना?

मग झोपा.