हत्तीएवढी फाईल

उतावळगडच्या राजवाड्यात नेट रांगायला लागलं आणि तडफडराजांची कोंबड्यांची झुंज ऐन रंगात पडद्यावर गोठली! कोंबडा हवेत, पाय वर, चोच उघडी.

"माझं नेट कोण पितंय? हौसाला बोलवा!"

वाड्यात खरा संगणक एकच. त्याच्या पोटात पाच आभासी संगणक मांडलेले: महाराजांचा, राणीसाहेबांचा, प्रधानजींचा, मुदपाकखान्याचा आणि पागेचा. प्रत्येकाला वाटे, अख्खं यंत्र आपलंच! त्यांची राखण हौसाकडे. कडेवर तान्ही चिमी, आणि जिवाला सदा घोर.

"संध्याकाळच्या झुंजीआधी चोर हजर कर!" महाराज गरजले. "पण एकही यंत्र बंद करायचं नाही, अन् राणीसाहेबांच्या यंत्रात डोकवायचं नाही. नाही जमलं, तर उद्यापासून हत्ती धू!"

हौसानं चिमीला पदरात गुंडाळलं. गार पाण्यात दिवसभर उभं राहायचं? चिमीला तर नुसत्या वाऱ्यानं सर्दी होते!

प्रधानजी घाम पुसत म्हणाले, "मी महाराजांच्या हुकमानं सकाळपासून पाचही यंत्रांवर वेग मोजतोय, हौसाबाई. तरी घटतोच!"

"मोजता कसा?"

"हत्तीएवढी फाईल मागवायची, किती वेळात येते बघायचं. आली की लगेच दुसरी!"

हौसा चमकली. मग नेहमीसारखी घाबरली. इतकं सोपं कसं असेल? आपलंच काही चुकत असणार! तिनं यंत्रांना नेट पुरवणाऱ्या तारांवर काहीतरी खुटखुट केली, आकडे बघितले, पुन्हा बघितले, आणि झोपलेल्या चिमीचा पाळणा थेट दरबारात नेला.

"चोर सापडला, महाराज. पण आधी पोर झोपलीये का, तेवढं बघता?"

महाराज वाकले. "काय गं, झोपलीस का?"

चिमी संथ श्वास घेत होती.

"पक्कं कळायला हवं," म्हणत महाराजांनी चिमीची पापणी वर केली. चिमीनं असं भोकाड पसरलं की भालदार दचकून खाली बसला!

"कुणी उठवलं हिला?" हौसानं विचारलं.

"मी फक्त झोपलीये का ते बघत होतो!"

"प्रधानजीही फक्त वेगच बघत होते, महाराज! पाचही तारा त्यांच्या फायलींनीच तुंबल्यात."

प्रधानजींनी जीभ चावली.

"मग मोजायचं तरी कसं?" महाराजांनी विचारलं.

हौसानं चिमीला थोपटून निजवलं, पाळण्याची दोरी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि लांब जाऊन बसली. "असं! पोर हलली की दोरी हलते. तशीच प्रत्येक तारेवर मी नोंद लावलीय. येईल-जाईल तेवढं मोजायचं. आपण होऊन काही मागवायचं नाही, आत डोकवायचं नाही."

प्रधानजींनी फायली थांबवल्या. पडद्यावरचा कोंबडा धपकन खाली आला!

"शाब्बास!" महाराज म्हणाले. "पण मग हत्ती कोण धुणार?"

हौसा पाळण्याआड सरकली. "ज्यांच्या हुकमानं हत्तीएवढ्या फायली आल्या, त्यांनी!"

महाराजांचे गाल फुगले, मिशा थरथरल्या, पोट गदागदा हलू लागलं. पोर उठेल म्हणून त्यांनी तोंडात शेला कोंबला होता, आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं!

हौसाला चांदीचा पाळणा मिळाला. तो द्यायला महाराज स्वतः आले आणि हळूच चिमीच्या पापणीकडे हात नेऊ लागले.

"महाराज," हौसा म्हणाली, "दोरी!"