बटण दाणा सोडीना

एक होती मुंगी. नाव तिचं बारकी. भिंतीच्या फटीत तिचं घर. घरात इवली इवली भावंडं. सगळी भुकेली.

त्या दिवशी बाबांनी नवा कॉम्प्युटर जोडला. पेटी आणली, पंखा आणला, विजेचा डबा आणला. वायरी तर ढीगभर. हे इथे, ते तिथे. सगळं स्वतः जोडलं.

मग आईने पूजा केली. पेटीला हळद लावली, कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. फुलावर अक्षता वाहिल्या. तांदळाचे दाणे, हळदीने पिवळे पिवळे झालेले.

बारकी तुरुतुरु तुरुतुरु पेटीवर चढली. एक दाणा उचलला. तिचा पहिलावहिला दाणा. डोक्यावर घेतला आणि निघाली घरी.

वाटेत होतं बटण. काळं, गोल.

तेवढ्यात बाबांनी बटण दाबलं. टक्.

बारकी डगमगली. दाणा घरंगळला. बटणाच्या कडेच्या फटीत जाऊन बसला. बटण खाली गेलं, ते खालीच राहिलं. पण इतकं थोडं खाली, की कुणाला दिसलंच नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. गर्रर्र. दिवा लागला. बाळाने टाळ्या वाजवल्या.

आणि कॉम्प्युटर बंद पडला. फुस्स.

"असं कसं झालं?" बाबा म्हणाले.

बाबांनी भिंतीवरचा खटका खाली-वर केला. पुन्हा सुरू. गर्रर्र. पुन्हा बंद. फुस्स.

"असं कसं झालं?"

बाबांना काही कळेना. बाळाला रडू आलं. बारकी गेली बटणाजवळ.

"बटणा बटणा, माझा दाणा दे."

बटण म्हणालं, "कसा देऊ गं? मी दबून बसलंय. पंखा फिरत राहिला, तर पेटी थरथरेल. पेटी थरथरली, तर मी हलेन. मग घे तुझा दाणा."

बारकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पेटीच्या आत गेली.

"पंख्या पंख्या, फिरत राहा.
बटण दाणा सोडीना.
घरी मी काय नेऊ?"

पंखा म्हणाला, "फिरलो तर होतो गं. फिरता फिरता थांबलो. का थांबलो, कळेना. डब्याने वीज दिली, तर फिरेन."

बारकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डब्यावर चढली.

"डब्या डब्या, वीज दे.
पंखा काही फिरेना,
बटण दाणा सोडीना.
घरी मी काय नेऊ?"

डबा म्हणाला, "दिली तर होती गं. देता देता बंद झालो. का बंद झालो, कळेना. मला तर त्या भिंतीवरच्या खटक्याचा संशय येतो. खटका नीट बसला, तर देईन."

बारकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवर चढली.

"खटक्या खटक्या, नीट बस.
डबा वीज देईना,
पंखा काही फिरेना,
बटण दाणा सोडीना.
घरी मी काय नेऊ?"

खटका म्हणाला, "बसलो तर होतो गं. बाबा मला वर करतात. खट. खाली करतात. खट. आता मी वर आहे का खाली, मलाच कळेना. बाबा थांबले, तर बसेन."

बारकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाबा होते फरशीवर. अर्धे बाहेर. डोकं पेटीत.

"अहो, दुकानातून जोडूनच का नाही आणला?" आई विचारत होती.

"अगं, स्वतः जोडलेला तो स्वतः जोडलेला," बाबा पेटीतून म्हणाले.

"जोडलेला आहे खरा. चालतोय कुठे?"

बाबांनी डोकं आणखी आत घातलं.

बारकी बाबांच्या कानाशी गेली.

"बाबा बाबा, थांबा ना.
खटका नीट बसेना,
डबा वीज देईना,
पंखा काही फिरेना,
बटण दाणा सोडीना.
घरी मी काय नेऊ?"

बाबा म्हणाले, "थांबलो असतो गं. पण आत अंधार. कुठली वायर कुठे गेली, कळेना. आईने बॅटरी धरली, तर थांबेन."

बारकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आईच्या पायाशी आली.

"आई आई, बॅटरी धर.
बाबा काही थांबेनात,
खटका नीट बसेना,
डबा वीज देईना,
पंखा काही फिरेना,
बटण दाणा सोडीना.
घरी मी काय नेऊ?"

आई म्हणाली, "धरली असती गं. पण बाळाने ओढणी धरलीय. कधीचं रडतंय. दात येतायत, का झोप आलीय, का पोट दुखतंय? मला बाई काही कळेना. त्याने ओढणी सोडली, तर धरीन."

बारकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. फार नाही, दोनच पावलं. तिथेच बसलं होतं बाळ.

"बाळा बाळा, ओढणी सोड.
आई बॅटरी धरीना,
बाबा काही थांबेनात,
खटका नीट बसेना,
डबा वीज देईना,
पंखा काही फिरेना,
बटण दाणा सोडीना.
घरी मी काय नेऊ?"

बाळाला बोलता येत नव्हतं. म्हणून ते "कळेना" म्हणालं नाही. "हे झालं, तर ते करीन," असंही म्हणालं नाही. त्याने नुसतं पाहिलं. एवढीशी मुंगी. चालते कशी तुरुतुरु.

बाळ रडायचं थांबलं. ओढणी सुटली.

बाळाने ओढणी सोडली, मग आईने बॅटरी धरली. आईने बॅटरी धरली, मग बाबा थांबले. बाबा थांबले, मग खटका नीट बसला. खट. खटका बसला, मग डब्याने वीज दिली. हूंऽऽ. डब्याने वीज दिली, मग पंखा फिरला. गर्रर्र.

बारकी बटणाजवळ जाऊन उभी राहिली. पेटी थरथरली. बटण हलेल, आता हलेल...

फुस्स.

सगळ्यांनी सगळं केलं. तरी बंद. आता तर कुणालाच काही कळेना.

बारकीने दाणा ओढला. हलेना. पुन्हा ओढला. हलेना.

पण बाळ आलं होतं ना तिच्या मागे. रांगत रांगत आलं. पेटीला धरून उभं राहिलं. बारकीकडे बोट केलं.

"बू," बाळ म्हणालं.

आईने बॅटरी तिकडे वळवली.

"अहो, आत काय बघताय? इकडे बघा. बटणापाशी मुंगी आहे."

"असू दे गं. इथे कॉम्प्युटर चालत नाही, आणि तू मुंगी काय दाखवतेस."

"मुंगी उगीच घुटमळते का? इथे काहीतरी खायचं अडकलंय."

आईच्या बांगडीत सेफ्टी पिन होती. नेहमीच असते. आईने पिन काढली. फटीत हळूच घातली. जरा इकडे, जरा तिकडे.

टुक.

दाणा बाहेर आला. बटण वर आलं.

बाबांनी बटण दाबलं. टक्. बटण खाली गेलं, आणि पुन्हा वर आलं. डबा म्हणाला हूंऽऽ. पंखा म्हणाला गर्रर्र. दिवा लागला.

सगळे थांबले. बाबा थांबले, आई थांबली, बाळ थांबलं. आता होणार फुस्स.

गर्रर्र गर्रर्र. गर्रर्र गर्रर्र.

फुस्स झालंच नाही.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," बाबा म्हणाले. "अक्षता अडकली होती. बटण दबलेलंच राहिलं, की कॉम्प्युटर आपोआप बंद होतो."

आईने जीभ चावली. अक्षता तिनेच वाहिल्या होत्या.

दाणा होता आईच्या तळहातावर. आई म्हणाली, "पूजेचा आहे. पायाखाली नको. देवापाशी ठेवते."

बारकी खालून बघत होती. अगदी बारीक आवाजात म्हणाली,
"घरी मी काय नेऊ?"

आईने खाली पाहिलं. मग वाकली. दाणा बारकीपुढे ठेवला.

"घे बाई. तुझाच दिसतोय."

बारकीने दाणा डोक्यावर घेतला. तुरुतुरु तुरुतुरु घरी गेली. भावंडं धावत आली. कुटुकुटु, कुटुकुटु, सगळ्यांनी मिळून खाल्ला.

दाणा गेला पोटात, बारकी गेली फटीत, आणि गोष्ट ऐकणारं बाळ गेलं आईच्या कुशीत.