मांडेवालीचा दावा

“…पण साक्षीदार कशाला हवेत, बाई? भर मांडवात चोर म्हणाली ती मला!”

तपस्विनी सुभद्राबाई आश्रमाच्या ओट्यावर शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

“वकील काय म्हणतो?”

“वकीलबाई आहेत. तालुक्याच्या कोर्टात बायकांना फुकट वकील देतात, तिथून मिळाल्या. चांगल्या आहेत. म्हणाल्या, अब्रुनुकसानीचा दावा होईल. पण तिचे शब्द ज्यांनी ऐकले, त्यांना उभं करावं लागेल. ऐकून त्यांचं माझ्याबद्दलचं मत बिघडलं, हेही दाखवावं लागेल. उद्या सहीला बोलावलंय.”

प्रयागचा आवाज चढला होता. तापीकाठच्या गावांत तिच्यासारखे पुरणाचे मांडे कोणी करत नसे. उलट्या खापरावर ती मांडा टाकू लागली की वऱ्हाडी पान सोडून बघायला येत. आणि चुलीवरून खापर उतरलं की भांड्यात उरलेलं तूप मांडेवालीने घरी न्यायचं, ही तिकडची रीत. त्या लग्नात शहरातून आलेल्या नवरीच्या मावशीने तिच्या हातात तुपाची बरणी पाहिली आणि ती ओरडली, “चोरटी कुठली!” तेव्हापासून दोन घरांनी सांगावा धाडला होता, आमच्याकडे मांडे नकोत.

“मांडवात गावच्या बायका होत्या?”

“मांडव भरलेला होता.”

“त्यांना चोर वाटलीस?”

“छे! रीत सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग बोललं कोण?”

“…कोणीच नाही.”

“तू?”

“मी कशाला बोलू? मी मांडेवाली! माझ्या बाजूने त्यांनी बोलायला हवं होतं. मी बरणी तिथंच आदळली आणि निघून आले.”

टरफलं सुपात पडत राहिली…

“बोलली असतीस, तर काय बोलली असतीस?”

“आता काय उपयोग त्याचा?”

“बोल तर.”

प्रयागने मान खाली घातली. “…ते तूप माझं होतं.”

“मला म्हातारीला ऐकू येत नाही.”

“ते तूप माझं होतं!”

आत आश्रमाचा स्वयंपाक सांभाळणारी गोदाक्का भांडी घासत होती. घासता घासताच ती खेकसली, “मग? उरलेलं तूप मांडेवालीचं नाही तर काय व्याह्याचं? कोण विचारतंय गं असलं?”

प्रयाग दाराकडे बघत राहिली.

भांड्यांचा आवाज चालूच राहिला. प्रयागने पदराने तोंड पुसलं.

“मग दावा करू की नको, बाई?”

“कर की. वकील तर फुकट आहे.”

प्रयाग उठली, दंडवत घातला, पायऱ्या उतरली.

“प्रयाग…”

“काय, बाई?”

“तुपाचं तेवढं एक वाक्य मात्र वकीलबाईला बोलू देऊ नकोस, तूच बोल.”