काळं अस्तर

माती बोलायची, त्या काळातली गोष्ट. रवळू चिताऱ्याच्या फळीवर बोटाएवढा मातीचा राक्षस रंगाची वाट बघत उभा होता. प्रत्येक बाहुलीला आधी पांढरं अस्तर, ही त्या घरची रीत. त्या पांढऱ्यावर लाल चढवल्यामुळे गेल्या वर्षीचा राक्षस गुलाबी झाला होता, आणि पोरं त्याला नवरदेव म्हणाली होती.

"मला काळं लाव," राक्षस म्हणाला.

शेजारची परी हसली. "काळ्यावर दिसशील तरी का रे?"

"दिसायचंय तुला, बाई. मला भिववायचंय."

"रीत मोडायची नाही," रवळू म्हणाला.

"मग मोड मला. नवरदेव होणार नाही."

रवळूने पुटपुटत काजळी कालवली. वर लाल चढलं, सुरकुत्यांत काळं राहिलं. त्याने राक्षस फळीवर ठेवला, दोनदा वळून बघितलं आणि गुपचूप त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

राक्षस भिंतीकडे बघून हसला.