देवमाशाचा वाटा

एक होता देवमासा. राजा नव्हता, पण पोट राजाचं होतं. हसू नका, तुमच्यातही एकाचं तसंच आहे. नाव घेत नाही.

तर हा देवमासा फिरत फिरत आला एका गावासमोर. गावात घरं थोडी, तोंडं फार आणि रापण एकच. रापण म्हणजे भलंमोठं जाळं, बरं का. होडीतून समुद्रात गोल सोडायचं आणि सगळ्या गावाने वाळूत उभं राहून दोरीने ओढायचं. नियम एकच. दोरीला हात लावील त्याला वाटा. मग तो म्हातारा असो, पाहुणा असो, नाहीतर तुझ्यासारखा रडका असो.

ही रापण विणली होती गोदूकाकीने. केस पांढरे, जीभ मिरचीची.

त्या वर्षी तारली, म्हणजे बोटभर चंदेरी मासळी, थव्याने आली, किनाऱ्याला अगदी चिकटून. पाणी नुसतं चकाकत होतं. आणि तिच्या मागोमाग आला हा. कोठाराएवढं तोंड उघडायचा, गपकन मिटायचा, की तारली गायब. रापणीत यायचं शेवाळ. गाव पेजेवर आलं. मग पेजही पातळ झाली.

बाबल तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, म्हणाला, "असंच चाललं तर रापण गुंडाळायची नि गाव सोडायचं."

याच वाळूत बसून आईने गोदूकाकीला जाळ्याची गाठ शिकवली होती. ती सोडून जायचं कुठे?

आधी लोकांनी ढोल बडवले. देवमासा घाबरून पळेल म्हणून. तो कसला पळतोय, तो नाचला. अशी लाट आली की ढोलवाले ढोलांवर तरंगत घरी गेले.

मग टोपल्या भरभरून मिरचीपूड पाण्यात ओतली. देवमाशाला आली शिंक. गावभरचं वाळत घातलेलं धुणं उडालं ते पलीकडच्या गावात. बाबलचं धोतर अजून सापडलेलं नाही.

मग बाबलने दोन्ही हातांनी भाला उचलला.

"थांब रे बाबल्या, आधी मी बोलते त्याच्याशी," गोदूकाकी म्हणाली. रापणीची एक दोरी तिने किनाऱ्यावर लोकांच्या हाती दिली, रापण होडीत घातली आणि एकटीच वल्हवत निघाली.

समोर पाणी फुगलं. छपराएवढी काळी पाठ वर आली, मग तोंड उघडलं. आतून असा वास आला की काकीने नाकाला पदर लावला. होडी थरथरली. काकीने दुसऱ्या हाताने वल्हं घट्ट धरलं.

"काय रे मेल्या, दात घासतोस की नाही?"

देवमासा चपापला. असं कुणी विचारलंच नव्हतं. "दातच नाहीत, काकी," तो लाजून म्हणाला.

"आणि लाज? गावाचं फुकट खातोस. इथे दोरी ओढतो त्यालाच वाटा."

"मला हात नाहीत."

"तोंड आहे ना? की ते नुसतं गिळायलाच?"

आणि काकीने रापणीची दुसरी दोरी होडीला बांधून टोक दिलं त्याच्या तोंडात. मग काय विचारता. देवमासा निघाला. मागे होडी, होडीत काकी, ताठ उभी, पदर खोचून. रापण सरसर पाण्यात सुटली. कुठलीही होडी गेली नसेल इतक्या दूरवरून त्याने सगळ्या तारलीला वळसा घातला आणि दोरी आणून दिली लोकांच्या हातात. गावाने ओढलं, ओढलं, ओढलं. वाळूवर तारलीचा डोंगर झाला. शेवटी मांजरांनीही मान फिरवली.

मग वाटे पडले. बाबल कुरकुरला, "माशाला कसला वाटा? त्याने हात लावला का दोरीला?"

"आणि तू लावलास?" काकीने विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबलच्या दोन्ही हातांत अजून भालाच होता. गाव असं हसलं की माडांवरचे नारळ पडले.

देवमाशाचा वाटा होडी भरून पाण्यात ओतला. बाबलला काही नाही. तो बसला तोंड पाडून. तेव्हा देवमाशाने काय केलं? फुर्रर्र. आपल्या वाट्यातली तारली फवाऱ्याने उडवली, ती बदाबदा बाबलच्या डोक्यावर. बाबलही मग हसला. त्याने भाला वाळूत रोवला, आणि तेव्हापासून रापणीची दोरी त्याच खुंटाला बांधतात.

गाव राहिलं, रापण राहिली, दर वर्षी देवमासा कामाला येत राहिला. सगळे जेवून खाऊन सुखी झाले.

आता इथेही तोच नियम. जो डोळे मिटील त्याला सकाळी खाऊत वाटा. आणि तो कोपऱ्यात कुजबुजतोय ना, त्याचा झाला बाबल.